मॉडेल इंजिनातला स्पीकर: पातळ आवाजाचे कारण आणि पेटीचे काम

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: एचओ स्केलच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या एका मॉडेल डिझेल इंजिनात साउंड डिकोडर (इंजिन चालवणारे आणि आवाज काढणारे छोटे सर्किट) आणि २८ मिलिमीटर व्यासाचा, ८ ओहमचा गोल स्पीकर बसवला आहे. स्पीकर दुहेरी चिकटपट्टीने बॉडीच्या आत छताखाली चिकटवला आहे. आवाज येतो, पण तो पातळ आणि किनरा आहे, आणि पातळी वाढवली की खरखरू लागतो. तेव्हा अधिक महाग स्पीकर घ्यावा की डिकोडरच बदलावा? शिवाय पुढे टेंडरचे (मागे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी असलेले) एक वाफेचे इंजिन आणि एक छोटे टँक इंजिन (कोळसा-पाणी स्वतःवरच वाहणारे) यांतही आवाज बसवायचा आहे, तर सुरुवातीपासून काय लक्षात ठेवावे?

डिकोडर बदलू नका आणि स्पीकरही लगेच बदलू नका. आपल्या वर्णनात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि नेमकी तीच इथे कमी आहे: स्पीकरच्या मागच्या बाजूला हवाबंद पेटी नाही. गेल्या अनेक वर्षांत मी स्वतःची आणि मित्रांची जेवढी इंजिने उघडून पाहिली, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार पेटी नसल्याची किंवा असलेली पेटी गळकी असल्याची निघाली. हे नीट समजून घेतले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून आधी कारण सांगतो आणि मग कृतीकडे वळतो.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच पडद्यापासून दोन लहरी निघतात आणि त्या एकमेकींच्या बरोबर उलट असतात. मागची बाजू मोकळी ठेवली, तर मागची लहर स्पीकरच्या कडेवरून वळून पुढे येते आणि पुढच्या लहरीला मारते. हे सगळ्या स्वरांच्या बाबतीत सारखे घडत नाही. ३०० हर्ट्झच्या स्वराची हवेतली तरंगलांबी सव्वा मीटरच्या थोडी आतच असते. त्या मानाने २८ मिलिमीटरचा स्पीकर इतका लहान आहे की पुढची आणि मागची लहर जवळजवळ एकाच जागी उमटतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. उलट ८ ते १० हजार हर्ट्झच्या स्वरांची तरंगलांबी तीन-चार सेंटिमीटरच असते. तिथे ही पुसापुशी अपुरी राहते आणि वरचे स्वर टिकतात. इंजिनाची घरघर गेली आणि सुसकारे तेवढे राहिले, तर त्याचे कारण हेच असते.

आपल्या इंजिनात स्पीकर बॉडीच्या आत आहे, त्यामुळे बॉडी हीच पेटी झाली आहे असे वाटणे साहजिक आहे. परंतु तसे होत नाही. छताला चिकटलेल्या स्पीकरची पुढची आणि मागची दोन्ही तोंडे त्या एकाच पोकळीत उघडतात. शिवाय चाकांच्या वर, कपलरच्या (डबे जोडणाऱ्या आकड्याच्या) खाचेत, खिडक्यांच्या कडेने आणि बॉडी व चेसिस यांच्या सांध्यात मोकळ्या फटी असतात. अशा जागेत हवा कोंडली जात नाही, ती फक्त इकडून तिकडे फिरते. म्हणून आपला स्पीकर काढून त्याच्या पाठीमागे एक छोटी, पण खरोखर हवाबंद पेटी बसवा. तोच डिकोडर आणि तोच स्पीकर वापरून होणारा फरक पहिल्याच शिट्टीला कळेल.

खरखरण्याचेही मूळ इथेच आहे. एकाच जोराचा आवाज एक सप्तक खाली उतरवायचा असेल, तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. ध्वनिशास्त्राचा हा हिशेब टाळता येत नाही. मागे हवेचा आधार नसलेला पडदा खालच्या स्वरांना लांबलांब झोके घेतो. त्या झोक्यांतून ऐकू येण्याजोगे फारसे काही निघत नाही, पण व्हॉइस कॉइल (पडद्याला हलवणारी तारेची गुंडाळी) मात्र आपल्या मर्यादेला जाऊन आपटते आणि आपल्याला खरखर ऐकू येते. अशा वेळी आपण आवाज कमी वाटतो म्हणून पातळी आणखी वाढवतो आणि त्रास वाढत जातो. हवाबंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला आवरते. म्हणजे पेटी नुसता आवाज भरदार करत नाही, ती स्पीकरला वाचवतेही. उघडा स्पीकर मोठ्या पातळीवर फार वेळ चालवू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आता पेटी किती मोठी असावी? जागा देईल तितकी मोठी. पेटी लहान झाली की आतल्या हवेची स्प्रिंग ताठ होते आणि पडद्याचा नैसर्गिक अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला तो आपोआप सर्वांत जास्त थरथरतो तो स्वर, वर सरकतो. अनुनादाच्या खालचे स्वर झपाट्याने पडतात. इतक्या लहान पेटीत पडद्याच्या स्वतःच्या ताठपणापेक्षा हवेचाच ताठपणा बहुधा जास्त असतो. अशा वेळी पेटीतली हवा दुप्पट केली तर अनुनाद साधारण तीस टक्क्यांपर्यंत खाली येतो. हा फरक अर्ध्या सप्तकाचा आहे आणि कानाला तो लख्ख कळतो. म्हणून एखादा मिलिमीटर उंची वाढवता येत असेल, तर आळस करू नये. उथळ पेटीत तो मिलिमीटर म्हणजे एकूण हवेचा पाचवा किंवा सहावा हिस्सा असू शकतो.

यातून आणखी एक निष्कर्ष निघतो, तो नवख्यांना उलटा वाटतो. जागा थोडी असताना मोठा स्पीकर आणि चिमुकली पेटी यापेक्षा लहान स्पीकर आणि त्या मानाने ऐसपैस पेटी ही जोडी सहसा चांगली वाजते. भ्रमणध्वनीसाठी बनवलेले, साधारण ११ × १५ मिलिमीटरचे चौकोनी स्पीकर या छंदात ‘शुगर क्यूब’ या नावाने रूढ झाले, ते याच कारणाने. त्यांचा पडदा आकाराच्या मानाने बराच लांब हलू शकतो आणि त्यांना एक-दोन घन सेंटिमीटर हवासुद्धा उपयोगी पडते. पूर्वी आम्ही २८ मिलिमीटरचा गोल स्पीकर कसाबसा तिरका करून, बॉडी घासून घासून बसवत असू. आज तीच जागा मला दिली तर मी त्यात दोन शुगर क्यूब आणि एक लांबट पेटी बसवीन. आपल्या डिझेलमध्ये २८ मिलिमीटरचा स्पीकर आडवा मावत असेल आणि मागे निदान दहा मिलिमीटर खोली मिळत असेल तर तो ठेवा. तेवढी खोली मिळत नसेल, तर स्पीकर बदलण्याचे खरे कारण तिथे आहे.

पेटीसाठी स्टायरीन या प्लॅस्टिकची शीट उत्तम. जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नये. मोठ्या बाजूंना दीड मिलिमीटर घ्यावी. भिंतीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या मिलिमीटरची भिंत एक मिलिमीटरची केली की ती आठपट ताठ होते. पातळ भिंत पडद्याबरोबर स्वतःही थरथरते, म्हणजे जी ऊर्जा हवेत जायची ती भिंतीत जिरते आणि वर एक बारीक झिणझिण मिसळते. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या पेट्याही चालतात, मात्र थरांच्या मधून हवा झिरपते. अशा पेटीला आतून पातळ गोंदाचा किंवा रंगाचा एक हात द्यावा.

कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा नमुना करून पाहा. बॉडी बंद करून, इंजिन सर्वांत अरुंद वळणावरून हाताने फिरवून, बोगी कुठे अडत नाही ना, ड्राइव्ह शाफ्ट कुठे घासत नाही ना, हे आधी तपासावे. पुठ्ठा मावला की त्याच मापाने स्टायरीन कापावे, चार भिंती आणि तळ द्रावकाने जोडावेत आणि सांधा सुकल्यावर आतल्या कोपऱ्यांतून पुन्हा एकदा द्रावकाची किंवा गोंदाची बारीक रेघ ओढावी. या रेघेला पाच मिनिटे लागतात. बाहेरून सांधा कितीही सुबक दिसला तरी आतली रेघ मी कधीच गाळत नाही.

वायरींसाठी भोक पाडावे लागते आणि सगळ्यांत जास्त गळती तिथेच होते. माझ्या एका वाफेच्या इंजिनात असे झाले होते की टेबलावर तपासताना आवाज छान होता. इंजिन जोडून पूर्ण केले आणि आठवड्याभरात तो पोकळ झाला. मी डिकोडरच्या सेटिंगमध्ये दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी उघडले तेव्हा दिसले की वायर हलल्यामुळे भोकातला गोंदाचा थेंब सुटला होता आणि जेमतेम एक मिलिमीटरची फट पडली होती. दीड घन सेंटिमीटरच्या पेटीला एक मिलिमीटरचे भोक म्हणजे खोलीला उघडे दार. तेव्हापासून मी वायर भोकातून बाहेर आल्यावर पेटीच्या भिंतीवर पाच-सात मिलिमीटर आडवी चिकटवतो, म्हणजे ओढ बसली तरी ती भोकापर्यंत पोचत नाही.

वायरींना डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, स्पीकर पेटीत बसवण्यापूर्वीच द्यावा. सोल्डरिंग आयर्नचे टोक लोखंडाचा मुलामा दिलेले असते आणि स्पीकरचे चुंबक त्याला अचानक खेचते; पडद्यावर टोक टेकले की स्पीकर संपला. म्हणून पडद्यावर पुठ्ठ्याचा तुकडा कागदी चिकटपट्टीने लावून ठेवावा आणि हात टेकवूनच काम करावे. शुगर क्यूबचे संपर्क इवल्या पत्र्यांचे असतात आणि प्लॅस्टिकच्या चौकटीत रोवलेले असतात. त्यांना आधी कथलाचा पातळ लेप द्यावा, वायरीलाही द्यावा आणि मग एक-दोन सेकंदांत जोड पुरा करावा. त्याहून जास्त उष्णता दिली तर चौकट वितळते आणि आतली कॉइलची तार तुटते. वायर बारीक आणि लवचिक घ्यावी. जाड वायर स्पीकरला ढकलत राहते आणि बॉडी बंद करताना अडचण करते.

स्पीकर पेटीवर बसवताना सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, वापरू नये. त्याची वाफ पडद्याच्या कडेवर आणि कॉइलच्या फटीत जाऊन बसते, आणि एकदा ती तिथे घट्ट झाली की दुरुस्ती नाही. पांढरा गोंद, सुकल्यावर पारदर्शक होणारा मॉडेलांच्या काचांचा गोंद किंवा थोडे सिलिकोन वापरावे. स्पीकरच्या चौकटीभोवती अखंड कडे करावे, पण पडद्याच्या मऊ कडेला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. पुढेमागे स्पीकर काढावा लागेल असे वाटत असेल तर भिंतीवर कागद चिकटवण्याची पुन्हा पुन्हा वापरता येणारी मऊ पुट्टी घ्यावी. तिने हवा उत्तम अडते आणि बोटाने ती सोडवताही येते. पेटीत कापूस भरण्याचा सल्ला कधी कधी ऐकू येतो. मोठ्या घरगुती स्पीकरमध्ये त्याला अर्थ आहे. इथे तो आधीच थोडी असलेली जागा खातो आणि एखादा धागा पडद्याला लागला तर नवीच खरखर सुरू होते. तो भरू नका.

पेटी हवाबंद झाली की नाही, हे तपासायला उपकरण लागत नाही. कान साफ करण्याच्या कापसाच्या काडीने पडदा अगदी हलकेच, मध्यभागाच्या सपाट तुकड्यावर दाबा आणि सोडा. (गोल स्पीकरच्या मध्यावर फुगीर टोपी असेल तर तिच्यावर दाब देऊ नका, नाहीतर ती आत चेपते, तिच्या भोवती दोन बाजूंनी सारखा दाब द्या.) पेटी बंद असेल तर पडदा दबताना अडतो, जणू खाली उशी आहे. फट असेल तर तो सहज दबतो. एकाच पेटीत दोन स्पीकर असतील तर परीक्षा आणखी सोपी होते: एक दाबला की दुसरा बाहेर आला पाहिजे. दुसरा हललाच नाही, तर कुठेतरी हवा निसटते आहे असे नक्की समजावे.

दोन स्पीकरांचा विषय निघालाच आहे, तर ओहमचे गणित सांगतो, कारण ते चुकले तर डिकोडर जळू शकतो. डिकोडरच्या पुस्तिकेत स्पीकरचा किमान रोध (ओहममध्ये) लिहिलेला असतो; त्याखाली कधीही जाऊ नये. ८ ओहमचे दोन स्पीकर एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर १६ ओहम होतात. समांतर जोडले तर ४ ओहम. ४ ओहमचे दोन सिरीजमध्ये जोडले की ८. व्होल्टेज तेच ठेवून रोध निम्मा केला की शक्ती दुप्पट लागते, त्यामुळे ८ ओहमसाठी बनलेल्या डिकोडरला ४ ओहमचा भार दिला तर त्याचा अ‍ॅम्प्लिफायर तापतो, स्वतःला बंद करतो किंवा कायमचा जातो. जुन्या डिकोडरांबद्दल विशेष सावध राहावे. ईएसयूचा लोकसाउंड ३.५ हा १०० ओहमच्या स्पीकरसाठी होता. त्याला आजचा ८ किंवा ४ ओहमचा स्पीकर लावला तर तो निकामी होतो. त्याच कंपनीचा लोकसाउंड ५ मात्र ४ ओहमपासूनचे स्पीकर चालवतो. नाव सारखे म्हणून भार सारखा, असे धरून चालू नये.

सिरीजमध्ये जोडल्यावर शक्ती कमी होते म्हणून आवाज पडेल, अशी भीती अनेकांना वाटते. खालच्या स्वरांना तसे फारसे होत नाही. प्रत्येक पडद्याला निम्मे व्होल्टेज मिळते, तो निम्मेच अंतर हलतो, पण पडदे दोन असल्यामुळे एकूण हललेली हवा तेवढीच राहते. म्हणजे पातळी जवळपास तीच आणि प्रत्येक स्पीकरवरचा ताण निम्मा. आवाज स्वच्छ होतो तो त्यामुळे. जागा असेल तिथे मी सिरीजमधले दोन स्पीकर निःशंकपणे निवडतो.

मात्र दोन्ही पडदे एकाच वेळी एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर जात असेल तर ते एकमेकांचे खालचे स्वर खातात आणि आपण पुन्हा पेटी नसल्यासारख्या पातळ आवाजाला येऊन पोचतो. तपासण्यासाठी स्पीकर डिकोडरपासून पूर्ण सोडवून घ्यावा आणि १.५ व्होल्टच्या साध्या सेलची दोन टोके त्याच्या वायरींना क्षणभर लावावीत. पडदा टचकन पुढे आला, तर सेलच्या धन टोकाला लागलेली वायर लाल खुणेने नोंदवावी. दोन्ही स्पीकरांची अशी नोंद झाली की सिरीजमध्ये पहिल्याची बिनखुणेची वायर दुसऱ्याच्या खुणेच्या वायरीला जोडायची.

डिकोडरकडे येणाऱ्या वायरींविषयी एकच, पण कडक सूचना. स्पीकरच्या दोन्ही वायरी फक्त स्पीकरला जातात. त्यांतली एकही रुळाला, चेसिसला किंवा दिव्यांच्या सामाईक निळ्या वायरीला लागता कामा नये, कारण बहुतेक डिकोडरांचा अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही टोकांनी स्पीकरला चालवतो आणि दोहोंपैकी कोणतेही टोक शून्याला बांधलेले नसते. निर्मात्यानुसार या वायरी जांभळ्या किंवा तपकिरी असतात. रंगावर न जाता पुस्तिका पाहावी. स्पीकरची चौकट धातूची असेल तर ती आणि चेसिस यांच्यामध्ये कॅप्टॉन टेपचा (वीज अडवणाऱ्या, उष्णता सहन करणाऱ्या पट्टीचा) थर द्यावा. डिकोडरवर मात्र फोम किंवा टेप गुंडाळू नये, त्याची उष्णता बाहेर पडायला वाट हवी.

स्पीकरचे तोंड कुठे असावे

या बाबतीत मतभेद पुष्कळ आहेत. माझे मत असे की खालचे स्वर दिशा पाहत नाहीत. तरंगलांबी इंजिनापेक्षा कितीतरी मोठी असल्यामुळे ते सगळीकडे सारखे पसरतात. वरचे स्वर, म्हणजे वाफेचा फुत्कार, घंटेची किणकिण, ब्रेकचा कर्कश घासरा, यांना मात्र बाहेर पडायला मोकळी वाट लागते. म्हणून तोंड वर की खाली यापेक्षा तोंडासमोर उघडी जाळी आहे की बंद प्लॅस्टिक, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या डिझेलमध्ये छतावर रेडिएटरच्या पंख्यांची जाळी असेल आणि ती नुसती कोरलेली, म्हणजे आतून बंद असेल, तर ती मागून घासून किंवा कापून उघडी करावी. खोदलेली पितळी जाळी मिळत असेल तर ती त्या जागी बसवावी. पंखे खऱ्या इंजिनातही तिथेच आवाज करतात, त्यामुळे कानाला जागाही बरोबर वाटते.

जाळी आणि पडदा यांच्यात थोडे अंतर हवे, म्हणजे पडदा जाळीला आपटणार नाही. दीड-दोन मिलिमीटर पुरतात. त्याहून फार जास्त पोकळी ठेवून पुढे बारीक भोक ठेवले, तर ती पोकळी बाटलीसारखी स्वतःच्या एका स्वरावर गुंजते आणि आवाज कोंडल्यासारखा येतो. उघडी जागा पडद्याच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी होऊ देऊ नये, असा मी स्वतःसाठी नियम ठेवला आहे. जाळी कापणे शक्यच नसेल तर निराश होऊ नये: मागे हवाबंद पेटी असली की पुढचा आवाज बॉडीच्या आत सुटला तरी फटींमधून पुरेसा बाहेर येतो. थोडी चमक कमी होते, भरदारपणा राहतो.

तोंड खाली, इंधनटाकीच्या जागी, रुळाकडे करण्याची पद्धतही चांगली आहे. रुळांखालच्या पृष्ठभागावरून आवाज परावर्तित होतो. तिचा एकच मोठा धोका म्हणजे लोखंडाचा कीस. स्पीकरचे चुंबक रुळावरून कीस, खिळ्याचे तुकडे, गिट्टीतले लोहकण उचलते आणि ते पडद्यावर नाचू लागतात. खाली तोंड असेल तर त्याच्यावर पातळ, आरपार हवा जाईल असे कापड ताणून लावावे.

चेसिस कापून जागा करावी लागली तर ते काम स्पीकर, मोटर आणि गिअर पूर्ण काढून, दुसऱ्या टेबलावर करावे. धातूचा भुगा मोटरमध्ये गेला तर आवाजाचा प्रश्न बाजूलाच राहतो. आणि जेवढे वजन कापून टाकाल त्याचा हिशेब ठेवावा. इंजिनाची ओढण्याची ताकद वजनावरच असते, तेव्हा केबिनमध्ये किंवा टाकीत शिशाचे तुकडे घालून भरपाई करावी, पण दोन्ही बोगींवरचा भार सारखा राहील असे पाहावे.

वाफेचे इंजिन आणि टँक इंजिन

टेंडर ही या छंदातली सर्वांत सुखाची जागा आहे. तिथे मोटर नसेल तर पंधरा-वीस घन सेंटिमीटर हवा सहज मिळू शकते, म्हणजे वेगळ्या छोट्या पेटीच्या कितीतरी पट. म्हणून इथे मी वेगळी पेटी न करता टेंडरलाच पेटी करतो: स्पीकर तळाला, तोंड खाली, तळाला पडद्याएवढे मोठे भोक, आणि टेंडरची बॉडी व तळ यांच्या सांध्यात मऊ पुट्टीची अखंड वळी. कोळशाच्या ढिगाखाली, शिडीजवळ, मागच्या दिव्याच्या वायरीजवळ बारीक भोके असतात. ती शोधून बुजवावीत. टेंडर अंधारात घेऊन आत छोटा दिवा पेटवला की जिथून प्रकाश दिसतो तिथून हवाही जाते, इतकी ही तपासणी सोपी आहे. डिकोडरही टेंडरमध्येच असेल तर तो धातूच्या तळावर उष्णतावाहक पट्टीने टेकवावा, कारण बंद जागेत त्याला वारा मिळणार नाही.

फुत्कार धुराड्यातून यायला हवा आणि तो टेंडरमधून येतो, याची खंत काही जणांना वाटते. एक मीटरवरून पाहताना एचओ स्केलच्या इंजिनातले हे दहा-पंधरा सेंटिमीटर डोळाच भरून काढतो. धूर जिथे दिसायला हवा तिथूनच आवाज आला असे वाटते. फारच वाटले तर स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या, धुराड्याखालच्या पोकळीत, एक शुगर क्यूब पेटीसह बसवून तो टेंडरमधल्या स्पीकरशी सिरीजमध्ये जोडता येतो. पण इंजिन आणि टेंडर यांमधल्या वायरी वळणावर सतत वाकतात आणि तुटतात, आणि सिरीजमधली एक तुटली की दोन्ही गप्प होतात. हा खटाटोप मी एकदाच केला आणि पुन्हा केला नाही.

छोट्या टँक इंजिनाचे गणित कठीण आहे, हे आधीच मान्य करावे. बहुधा केबिनचा वरचा भाग किंवा कोळशाची मागची पेटी एवढीच जागा मिळते. तिथे ११ × १५ किंवा त्याहून लहान, ८ × १२ मिलिमीटरचा स्पीकर आणि केबिनच्या छताच्या आकाराची घडवलेली उथळ पेटी बसवावी. आतून तीन मिलिमीटर खोली मिळाली तरी ती अजिबात नसण्यापेक्षा पुष्कळ बरी. पेटी चौकोनीच हवी असे नाही. एल आकाराची, बॉयलरमध्ये शिरणारी निमुळती, कशीही चालते, फक्त हवा अखंड असावी. एखादा मालडबा त्या इंजिनाला कायम जोडलेला राहणार असेल, तर स्पीकर सरळ त्यात टाकावा.

सगळे बसल्यावर सेटिंगची वेळ येते. मुख्य पातळी निम्म्यावर ठेवून सुरुवात करावी. ईएसयूच्या लोकसाउंडमध्ये ती सीव्ही (डिकोडरमधल्या बदलता येणाऱ्या सेटिंगचा क्रमांक) ६३ मध्ये आणि झिमोच्या डिकोडरांत सीव्ही २६६ मध्ये असते. डिकोडरमध्ये इक्वलायझर असेल तर छोट्या पेटीसाठी सर्वांत खालचे स्वर वाढवण्याचा मोह टाळून ते थोडे कमीच करावेत. जे स्वर हा पडदा निर्माणच करू शकत नाही, त्यांच्यासाठी त्याचा प्रवास वाया घालवण्यात अर्थ नाही. शिवाय मूळ स्वर गायब असला तरी त्याच्या वरचे पटीतले स्वर स्वच्छ ऐकू आले, तर मेंदू तो खालचा स्वर स्वतः भरून घेतो. म्हणूनच खालचे कमी करून मधले मोकळे केले की डिझेलची घरघर उलट अधिक जड वाटते.

शेवटी झिणझिण शोधावी. इंजिन रुळावर उभे ठेवून हॉर्न वाजवत राहावे आणि बोटाने एकेक भाग हलकेच दाबावा: खिडक्यांच्या काचा, हातकठडे, पायऱ्या, वजनाचे तुकडे, कपलरची पेटी. जिथे बोट ठेवल्यावर आवाज स्वच्छ होतो तिथे गोंदाचा थेंब द्यावा. पेटी आणि बॉडी यांच्यामध्ये पातळ फोमची पट्टी ठेवली तर बहुतेक झिणझिण निर्माणच होत नाही. टँक इंजिनात मात्र केबिनच्या छतालाच पेटी टेकलेली असल्यामुळे ही पट्टी अनिवार्य समजावी, आणि त्याची पातळी डिझेलच्या शेजारी उभे करून, आपण नेहमी जिथे बसून गाड्या चालवता तिथूनच ऐकून ठरवावी.